राईतली माती

रत्नागिरी, २४ जून १९८६

चि. लवूस अनेक आशीर्वाद.

पाच वर्षं तुला पत्र लिहिलं नाही, त्याची माफी पहिल्याच ओळीत मागून टाकते. पुढे ती मागायची राहून जाईल आणि तू म्हणशील, तायला कामाचंच सुचतं. कामाचंच सुचलंय, हेही खरं आहे. बाबा गेले तेव्हा तू स्मशानापर्यंत आलास आणि घरची पायरी न चढता तसाच पोफळीला परत गेलास. मी मागून हाक मारली नाही. तुझा पत्ता माझ्याकडे होता, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या चाळीच्या नंबरासकट. न लिहिण्याला कारण शोधलं, सापडलं नाही, म्हणून देत नाही.

तुझी कमळा कशी आहे? हे विचारायचा हक्क मला उरलाय का ठाऊक नाही, तरी विचारते.

गावची गोष्ट अशी. वाघजाईच्या देवळाचं छप्पर गेल्या पावसात गाभाऱ्याच्या बाजूनं बसलं. वासे कुजलेत, आप्पा गुरव छत्री धरून पूजा करतात. शिमग्यानंतर गावकीची सभा झाली. वरच्या वाडीचा रावजी आता गावकर आहे, गावाच्या वतीनं देवीसमोर तोच बोलतो. तो म्हणाला, देवीच्या राईतली बिवळ्याची पाच झाडं पाडू, देवीचं लाकूड देवीला. यात नियमाबाहेर काही नाही. राईतलं लाकूड फक्त देवळासाठी घेता येतं, आणि तेही कौल मिळाला तर, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण राईत बिवळे सातच उरलेत. आपण आट्यापाट्या खेळायचो तेव्हा ते कोणी मोजत नव्हतं. आसपासच्या गावांत आता एकही नाही. मी मंडणगडापर्यंत चौकशी केली. तिथे एक होता म्हणतात. त्याच्या जागी कोळशाची भट्टी लागून गेली होती.

सभेत बायका बोलत नाहीत. मी बोलले. म्हटलं, पाच पाडलेत की दोन उरतील, आणि दोन म्हणजे संपलेच.

रावजी म्हणाला, "बायनू, तुमी कालेजात झाडांचाच शिकवता ना? मग द्या की करून!"

सगळे हसले. त्या हसण्यावर मी म्हटलं, "देते. दसऱ्याला पन्नास रोपं उभी दाखवते, मग तोडीचा कौल लावा. नाही दाखवली तर एक वर्ष झाडांना हात लावायचा नाही."

आप्पांनी मान हलवली आणि शब्द झाला. हा शब्द मी विचार करून दिला की हसण्याला उत्तर म्हणून, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे.

बिवळ्याच्या चपट्या शेंगा वाऱ्यानं राईबाहेर आपल्या बांधावर येऊन पडतात, तेच बी मे महिन्यात परसातल्या वाफ्यात पेरलं. आपली शेती करणारी सोनूबाई पाणी घालते आणि मी दर शनिवारी कॉलेज सुटलं की जाते. रोपं छान आहेत.

दसऱ्याला येशील का? एवढंच विचारायचं होतं.

तुझी
ताय


रत्नागिरी, १३ जुलै १९८६

चि. लवूस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहणार नव्हते, पण पाहिली.

मागच्या पत्रात "रोपं छान आहेत" असं लिहिलं, ते खोटं होतं. ते लिहिलं तेव्हाच खालची पानं पिवळी पडायला लागली होती. आता वरचीही पडली आहेत. चौथ्या पानाशी वाढ थांबली. सोनूबाई म्हणते, दृष्ट लागली.

कारण मला कळलंय. तुला सांगते. तू यंत्रांतला माणूस, तुला पटेल.

कुळथाचं रोप उपटलंस तर मुळांवर नाचणीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. त्या गाठींच्या आत जिवाणू राहतात, डोळ्यांना न दिसणारे. हवेत नत्र भरपूर असतो, पण झाडाला तो तसाच खाता येत नाही. हे जिवाणू त्याचं झाडाला चालेल असं अन्न करून देतात, आणि त्याच्या बदल्यात झाड त्यांना साखर देतं. बिवळाही कुळथाच्याच कुळातला. मी आपली रोपं उपटून मुळं धुऊन पाहिली. एकही गाठ नाही. मुळं म्हाताऱ्या माणसाच्या पांढऱ्या केसांसारखी, स्वच्छ.

आणि गाठी येणार कुठून? एप्रिलमध्ये सोनूबाईनं विचारलं होतं, "बाय, वाफा भाजायचा ना?" मी म्हटलं, "हे काय विचारतेस?" आपल्याकडे भाजावळ केल्याशिवाय कोणी पेरतं का? डहाळ्यांची कवळं, पातेरा, शेण पसरलं आणि दिलं पेटवून. तण मरतं, कीड मरते, भाताचा तरवा कसा तरारून येतो. आणि गंमत बघ, माझ्या पुस्तकातही लिहिलंय की रोपवाटिकेची माती भाजून निर्जंतुक करावी. गाव आणि पुस्तक एकाच तोंडानं बोलले, म्हणून मी थांबून विचारच केला नाही. वाफ्यातली कीड मेली आणि तिच्याबरोबर जे जगायला हवं होतं तेही मेलं.

हे मी सोनूबाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे झाडाच्या मुळात जंतू ऱ्हातात?"

"राहतात."

"नि ते नसले तर झाड मरता?"

"सुकतं."

"मग आमच्या पोरांच्या पोटातले जंत कनाला काढतव?"

मी हसले. मग तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

जूनच्या मध्यालाच मी थोड्या रोपांना आपल्या कुळथाच्या शेतातली माती घालून पाहिली. (म्हणजे मला जूनमध्येच कळलं होतं. हे मागच्या पत्रात लपवलं.) गाठी आल्या. पण बारीक आणि फिकट, कापल्या तर आत पांढऱ्या. कामाच्या गाठी आतून लाल असतात. कुळथाचे जिवाणू बिवळ्याच्या घरात शिरले, पण राबले नाहीत.

तेव्हा माती हवी ती राईतली. त्याच सात झाडांच्या मुळांजवळची. आणि राईतून कौलाशिवाय पानसुद्धा बाहेर काढायचं नाही, हे तुला मी सांगायला नको. गावाच्या कामाचा कौल रावजी लावतो. घरच्या कामाचा कौल त्या घरच्या मानकऱ्यानं लावायचा. आपल्या घरचा मानकरी बाबांनंतर तू आहेस. मी थोरली, मी शिकलेली, पण मला गाऱ्हाणं घालता येत नाही.

लवू, मी काय मागते आहे ते मला कळतं. एक्याऐंशीच्या श्रावणात तुझ्या चिमाला ताप भरला, तेव्हा बाबांनी आधी कौल लावला. आप्पांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि डावी पडली. दुसऱ्या दिवशी परत डावी. उजवी पडेपर्यंत कोणी रत्नागिरीची वाट धरली नाही, आणि धरली तेव्हा उशीर झाला होता. तू म्हणालास, या देवळाच्या पायरीवर पुन्हा पाय ठेवणार नाही. त्याच वर्षी दसऱ्याला मी बाबांच्या शेजारी त्या पायरीवर उभी होते, आणि ते तू पाहिलंस.

एवढं असूनही विचारते. फक्त मातीसाठी, एकदा उभा राहशील?

ताय


रत्नागिरी, २ ऑगस्ट १९८६

चि. लवूस,

तुझं कार्ड आलं. टपालवाल्यानं ते वाचलं असावं. देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"ताय, पाच वर्षांनी लिहिलंस ते देवीच्या कामासाठी. माती हवी तर चोर. माझी पोर नेताना देवीनं मला कौल विचारला नव्हता. लवू."

तुझं बरोबर आहे. मी ते कार्ड टेबलावर ठेवलं आहे, लपवलेलं नाही.

पण मी चोरणार नाही. का, ते नीट लिहायचा प्रयत्न करते. देवीला राग येईल म्हणून नाही. मी देवी मानते की नाही, याचं उत्तर चव्वेचाळिसाव्या वर्षीही मला नीट देता येत नाही. परीक्षेत विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. पण ती सात झाडं आजवर राहिली ती वन खात्यामुळे नाही आणि माझ्यामुळे तर नाहीच. चार पिढ्या लोक तिथून काटकी उचलायला भ्यायले, म्हणून राहिली. ती भीती मी मोडली, माझ्या चांगल्या कारणासाठी मोडली, तर उद्या रावजीचं कारणही चांगलंच असेल.

आणखी एक गोष्ट मनात येते, ती लिहायची लाज वाटते. रोपं मेली तर मी शब्द हरते, पण झाडं वर्षभर वाचतात. रोपं जगली तर पाच बिवळे पडतात. म्हणजे मला रोपं मरायला हवीत. पण शनिवारी वाफ्याशी बसले आणि ती पिवळी पानं पाहिली की हात आपोआप पाण्याकडे जातो. असं दोन्हीकडून ओढलं जाणं मला सोसत नाही. गावात कोणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते, आणि तू ऐकतोस की नाही हेही मला माहीत नाही.

दुसरा काही मार्ग निघतो का बघते.

ताय


रत्नागिरी, १४ सप्टेंबर १९८६

चि. लवूस आशीर्वाद.

गणपती झाले. घरी बसवला. आरतीला मी, सोनूबाई आणि तिच्या दोन सुना होतो.

रोपं हिरवी झाली. सगळी नाहीत, पण पन्नासाच्या वर. माती मिळाली, दोन डबे. रोपांच्या बुंध्याशी थोडी थोडी घातली आणि महिन्याभरात पानांचा रंग पालटला. एक गाठ कॉलेजात नेऊन पातीनं कापली. आतून लाल होती, ओल्या मिरचीसारखी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर पेशी गच्च भरलेल्या, श्रावणातल्या शेतासारख्या, पाय ठेवायला जागा नाही. मी त्या खोलीत एकटी होते आणि मोठ्यानं "आहेत!" म्हटलं.

काल रावजी रोपं बघायला आला. उभ्याउभ्याच वाफ्याला फेरी मारली.

"बायनू, ह्या तुमच्या जंतूंचा सोनूबाय सांगत व्हती. मुळात पाव्हणं ऱ्हातात म्हणं?"

"राहतात. साखर खातात आणि नत्र देतात."

"खाऊन वर देतात? मग ते मुंबयहून येणारं पाव्हणं नव्हत!" आणि स्वतःच खदखदून हसला. मलाही हसू आलं. रावजी वाईट माणूस नाही रे. त्याच्या अंगावर गळकं देऊळ आहे आणि रोज चार लोक त्याला त्याबद्दल बोलतात.

मग तो म्हणाला, "शब्दाला जागलात. आमी पण जागतव. दसऱ्याला कौल, दिवाळीच्या आधी तोड."

मी म्हटलं, "पाचही?"

"पाच. खुणा पण केल्या."

मी राईच्या कडेला जाऊन पाहिलं. पाच खोडांवर कोयतीचा एकेक घाव, आणि प्रत्येकातून तो लाल चीक वाहून वाळलेला. बिवळा कापला की असाच वाहतो, ते काही रक्त नव्हे. हे मी बावीस वर्षं शिकवते आहे. तरी मला तिथे उभं राहवलं नाही.

रोपं जगवून मी झाडांच्या तोडीची तारीख ठरवली. आणखी एक गोष्ट रावजीला सांगितली, ती त्यानं ऐकून घेतली नाही. पाच झाडं पाडल्यावर ठेकेदार डहाळ्या तिथेच जाळणार. म्हणजे राईतही भाजावळ होणार. मग त्या मातीत काय उरणार?

ताय


रत्नागिरी, ५ ऑक्टोबर १९८६

लवू,

दसरा आठवड्यावर आला. आता खरं लिहिते, कारण गोष्ट तुझ्यापर्यंत पोचली आहे आणि तुला ते ठाऊकही नाही.

मागच्या पत्रात "माती मिळाली" लिहिलं. मिळाली नाही, मी घेतली. तुझं कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या शनिवारी. आणि ते दोन डबे नव्हते, दोन पाट्या होत्या. एक मी उचलली आणि एक सोनूबाईनं.

भर दुपारी गेलो. पाऊस झिमझिमत होता. राईच्या तोंडाशी तिनं चपला काढल्या आणि तिथेच थांबली.

"बाय, कौल झाला?"

मी म्हटलं, "झाला. लवू येऊन घेऊन गेला."

तिनं हात जोडले. "बरा झाला गो. लवूदादा आला म्हंजे लय झाला." आणि तिला रडू आलं. चिमाला अंगाखांद्यावर तिनंच खेळवली होती. मग डोळे पुसून तिनं पाटी डोक्यावर घेतली.

मी चोरी केली याचं मला त्यामानानं कमी वाटतं. तू म्हणालासच होतास. पण मी तुला त्या पायरीवर नेऊन उभा केला. तुझ्या पाच वर्षांच्या हट्टातली (हट्ट म्हणू नये, पण दुसरा शब्द येत नाही) एकच गोष्ट तुझी स्वतःची होती, ती मी दोन पाट्या मातीसाठी खर्चून टाकली. आणि त्या बाईचं रडू फुकट घेतलं.

तिनं ते गावभर सांगितलंय, आनंदानं. आता विहिरीवर बायका मला विचारतात, लवू कधी आला, जेवून का नाही गेला, कमळा बरोबर होती का. मी "घाईत होता" म्हणते. एका खोट्याला दुसरं खोटं लावत जाते आहे.

आता माझ्यापुढे दोनच वाटा आहेत. दसऱ्याला सभेत गप्प बसले तर पन्नास रोपं उभी आहेत, शब्द पुरा आहे, रावजी कौल लावेल, उजवा मिळेल (त्यानं लावलेला कौल सहसा उजवाच मिळतो) आणि झाडं पडतील. बोलले तर रोपं चोरीच्या मातीतली ठरतील आणि शब्द रद्द होईल. पण बोलले तर सोनूबाई सगळ्यांदेखत चोरीची पाटी वाहणारी ठरेल. तिच्या घरचं लग्न आहे मार्गशीर्षात.

तिसरीही वाट दिसली, ती लपवणार नाही. काल वाफ्याशी गेले आणि एका रोपाला हात घातला. चाळीसच उरली तर कोणाला काही सांगावं लागणार नाही. मूळ सैल झालं. मग माती दाबून परत बसवलं. जगेल ते.

"माती हवी तर चोर" असं तू लिहिलंस ते चिडून लिहिलंस की मला ओळखून, एवढं सांगशील?

ताय


रत्नागिरी, १४ ऑक्टोबर १९८६

लवू,

दसरा झाला. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर मी मला सोयीचं तेवढंच लिहीन.

सभेच्या आधी सोनूबाईच्या घरी गेले. ती चुलीशी होती. सगळं सांगितलं. ती कालथा हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे लवूदादा आलाच नाय?" चोरीबद्दल एक शब्द नाही. मी नाही म्हटलं. तिनं भाकरी उलटली. मला बसही म्हणाली नाही.

सभा देवळापुढच्या चौथऱ्यावर झाली. छपराच्या भोकावर ताडपत्री बांधली आहे, ती वाऱ्यानं फडफडत होती. रावजीनं रोपं मुळांच्या मातीसकट उचलून आणवून ओळीनं मांडली होती, आणि खरं सांगते, देखणी दिसत होती. आप्पा पाकळ्या भिजवायला उठले तेव्हा मी उभी राहिले.

म्हटलं, "ही रोपं राईतल्या मातीवर जगलीत. ती माती मी कौलाशिवाय काढली. लवू आला नव्हता. सोनूबाईला मी खोटं सांगितलं, तिचा यात दोष नाही."

रावजीला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "बायनू, आता कनाला सांगताव? कोण इचारीत व्हता?"

"कोणी नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "शिकल्याली बाय, नि माती चोरते!" त्यावर दुसरा म्हणाला, "मातीच चोरली ना रे, तुझ्यासारी कोंबडी नाय." हशा झाला. आप्पांनी हात वर केला तेव्हा थांबला.

आप्पा ऐंशीच्या पुढचे. फार हळू बोलले. "राईतला राईत गेला पायजे. माती जाईल, नि त्या मातीवर वाढलेला पण जाईल. रोपा राईतच लावायची, ती आता देवीची. नि चूक देवीफुडं घालाया पायजे. ज्या घरची चूक, त्या घरच्या मानकऱ्यानं."

रावजी म्हणाला, "घालंल. पण आजचा आमचा कौल तर लावा."

"नाय लावायचा. चूक उभी हाय तवर दुसरा कौल लागत नाय."

"म्हंजे लवू येईस्तवर देऊळ असाच गळत ऱ्हायचा?"

"व्हय."

"नि तो आलाच नाय तर?"

आप्पांनी पाकळ्यांचं तबक खाली ठेवलं. "तर नाय."

मग रावजी चपला घालत म्हणाला, "पोफळी काय इलायतेत नाय. मी जातंय, नि घेऊन येतंय त्याला." परवा गुरुवारी निघणार आहे. दोन जाणती माणसं बरोबर घेणार आहे.

मला आता राईत जायला बंदी आहे. रोपं सोनूबाईच्या सुना लावतील. खड्डे कुठे घ्यायचे ते मी बांधावरून ओरडून सांगायचं, एवढी मुभा मिळाली आहे. सोनूबाई स्वतः येणार नाही, असं तिच्या सुनेनं सांगितलं. आप्पा अजून ओल्या गाभाऱ्यात बसतात. हा यावर्षीचा हिशेब आणि तो माझ्या नावावर आहे.

मी बोलायला उठले तेव्हा मला हे ठाऊक होतं का? चूक ज्या घरची, त्या घरच्या मानकऱ्यानं घालायची, हे मी बाबांकडून ऐकलेलं असणारच. तू कधी पायरी चढणार नाहीस, हेही मला माहीत होतं. मग मी खरं बोलायला उठले, की तुझं न येणं झाडांपुढे आडवं घालायला? दोन दिवस मी याचं उत्तर शोधते आहे. प्रामाणिक उत्तर हे की मला सांगता येत नाही. उठले तेव्हा डोक्यात फक्त सोनूबाईचा कालथा होता. पण खाली बसले तेव्हा मला बरं वाटत होतं, आणि ते खरं बोलल्याचं बरं वाटणं नव्हतं.

चार महिने मी तुला ये म्हणून लिहिलं. आता लिहिते, येऊ नकोस.

रावजी गोड बोलेल. तायची गावात छी थू झाली, बाबांचं नाव गेलं, पाच मिनिटं उभा राहिलास की सगळं मिटतं, असं सांगेल. त्यातलं काहीच खोटं नसेल. तू आलास तर माझी चूक मिटेल, मला राईची वाट मोकळी होईल, सोनूबाई कदाचित बोलेल, आणि पुढच्या आठवड्यात पाच बिवळे पडतील. तू आला नाहीस तर ते उभे राहतील. तुझ्या पाठीवर उभे राहतील. तुला विचारल्याशिवाय.

आणि हेही लिहायला हवं. पहिल्या पत्रात "दसऱ्याला येशील का" असं लिहिलं, तेव्हा मला माती नको होती. मातीचा प्रश्नच तोवर मी कागदावर आणला नव्हता. मला तू यायला हवा होतास. तू अंगणात चप्पल काढतोस, पाण्याचा तांब्या मागतोस, एवढंच मी डोळ्यांपुढे आणलं होतं. आता तू गावात पाऊल टाकलंस तर रावजी तुला देवळात नेल्याशिवाय सोडणार नाही. तेव्हा माझ्या हयातीत ते होणार नाही, असं धरून चालते.

यावर तू चिडलास तर तो तुझा हक्क आहे. रावजीबरोबर यायचं ठरवलंस तरी तो तुझाच हक्क आहे, मी अडवणार नाही. पण ही सगळी गोष्ट तू आधी माझ्या तोंडून ऐकावीस, माझं तोंड बघून ऐकावीस. टपाल रावजीच्या आधी पोचणार नाही, आणि चार महिने मी टपालाच्याच आडोशाला बसले. हे पत्र पेटीत टाकत नाही. हातात देईन. कमळानं दार उघडलं तर तिच्या हातात. तिनं आत घेतलं नाही तर बाहेरच्या कठड्यावर बसेन.

उद्या: पोफळीसाठी चिपळूणची पहिली गाडी पकडणे.